वाचकांचे प्रश्न : घाटातली माकडं, शिवारातली वानरं

आमच्या मक्यात आणि भुईमुगात दरवर्षी टोळी उतरते. कुणी म्हणतं लाल तोंडाची, कुणी म्हणतं काळ्या तोंडाची. दोन्हींवर उपाय एकच ना?
– एक शेतकरी, ता. शिराळा

नाही, आणि बरेच पैसे याच गैरसमजात वाया जातात. आधी टोळी कोणाची ते ठरवा. डोक्यावर भांग पाडल्यासारखे टोपीचे केस, तांबूस-गुलाबी तोंड आणि तपकिरी अंग असेल तर ते टोप्या माकड. काळं तोंड, काळे हात-पाय, राखाडी अंग आणि लांबलचक शेपूट असेल तर वानर. तोंड दिसलं नाही तरी नुकसान पाहून बराच अंदाज येतो. भुईमुगाचे डहाळे उपटून शेंगा काढल्या असतील तर बहुधा माकडांचं काम. कोवळे शेंडे, पानं, तुरीच्या हिरव्या शेंगा गेल्या असतील तर वानरं.

माकडाच्या गालफडात दोन्ही बाजूंना पिशव्या असतात. रानात उतरायचं, हाताला येईल ते गालात कोंबायचं आणि झाडावर जाऊन निवांत चघळायचं, ही त्याची रीत. रखवालदार खोपीतून उठून येईपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं. वानराला गालाच्या पिशव्या नाहीत. त्याचं पोट गाई-म्हशींसारखं कप्प्यांचं, त्यात जिवाणू पाला आंबवतात. ते बसून, वेळ घेऊन खातं, म्हणून हुसकायला सवड मिळते. माकडांसाठी राखण करायची तर माणूस खोपीत नको; झाडांची रांग आणि पीक यांच्या मध्ये हवा. टोळी बहुतेक रोज त्याच झाडावरून उतरते. दोन सकाळी लक्ष ठेवलं की वाट कळते. गोफण आणि कुत्रं घेतलेला माणूस त्या वाटेवर उभा असेल तर त्याचा उपयोग फटाक्यांपेक्षा जास्त. फटाके, प्लॅस्टिकचा वाघ, टेपवरचे आवाज यांतून काहीच वाईट घडत नाही, हे माकडं लवकर ओळखतात. वाघ वापरायचाच तर टोळी येण्याच्या दिवसांतच ठेवा, रोज जागा बदला आणि एरवी तो नजरेआड करा.

झाडांकडच्या कडेला हळद, आलं किंवा मिरची घ्या. ही पिकं ती फारशी शिवत नाहीत. खरा फायदा मात्र चवीपेक्षा अंतराचा आहे. मका आत गेला की माकडांना उघड्यावरून लांब यावं लागतं, आणि झाडापासून लांब जायला ती कचरतात. पट्टी जितकी रुंद तितकं बरं. दोन ओळी लावून काही होत नाही.

आता झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटक्याचा करंट सोडणारं यंत्र. डुकरासाठी लावलेल्या दोन-तीन तारा माकडाला अडवत नाहीत, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. झटका बसायला करंट अंगातून जमिनीत जावा लागतो. डुकराचे पाय जमिनीवर असतात. माकड लाकडी खांबावरून चढतं किंवा तारेवर उडी मारतं. त्याचा जमिनीशी संबंधच नसतो. म्हणून तारा आलटून-पालटून लावायच्या: एक करंटची, एक अर्थिंगची, मध्ये 10 ते 15 सेंटीमीटर. एका हातात एक आणि दुसऱ्या हातात किंवा पायात दुसरी आली की मगच झटका बसतो. अर्थिंगचे गज दीड-दोन मीटर खोल ठोका, एकापेक्षा जास्त, एकमेकांपासून साधारण 3 मीटरवर. मुरमाड रानात उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग मरतं. गजाभोवती पाणी ओता. गवत तारेला टेकलं तर करंट गळतो, म्हणून कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला टेस्टर लावून रोज पाहा. 3-4 हजार व्होल्टच्या खाली गेलं की माकडं त्याची पर्वा करत नाहीत. कुंपणावर झुकलेल्या फांद्या 4-5 मीटरपर्यंत छाटल्या नाहीत तर बाकी सगळी मेहनत फुकट. जपानमध्ये लवचीक खांबांवर जाळी लावतात; माकड चढलं की खांब वाकून त्याला मागे सांडतो.

घरातली लाईट तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्याने आधी मरतात माणसं आणि जनावरं.

पसरणी घाटात आणि महाबळेश्वरच्या पॉइंटवर लोक माकडांना केळी, बिस्किटं देतात. मुक्या जीवाला चार घास देण्यात वाईट काय?
– वाचक, वाई

घास कुठे पडतो ते पाहा. रानात अन्न विखुरलेलं असतं, तिथे दुबळीलाही काहीतरी मिळतं. केळ्यांचा ढीग एका जागी पडला की वरच्या घराण्याच्या माद्या तो ताब्यात घेतात. माकडांच्या टोळीत मादीचा मान आईकडून येतो, आणि बहिणींमध्ये बहुधा धाकटीचा मान थोरलीपेक्षा वरचा! मग मारामाऱ्या, चावे, आणि उरलेली माकडं गाड्यांकडे धावतात. जास्त खाणं मिळालं की पिलंही लवकर-लवकर होतात, आणि टोळी घाटाला पोसवेल त्यापेक्षा मोठी होते. वानराला ब्रेड किंवा गोड बिस्किट दिलं तर त्याच्या आंबवणाऱ्या पोटात आम्ल वाढतं. त्याचं पोट पाल्यासाठी घडलेलं आहे.

आणखी एक. माकडाने दात विचकले की पर्यटक ‘हसतंय’ म्हणून फोटो काढतात. ओठ मागे ओढून दाखवलेले दात हे सहसा भीतीचं, नमतं घेण्याचं लक्षण. धोका असतो तो तोंड उघडून, भुवया वर चढवून रोखून पाहण्यात. तेव्हा नजर टाळून, पाठ न फिरवता मागे सरका. पिशवी त्याच्या हातात गेली असेल तर ओढू नका. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात संशोधकांनी नोंदवलंय की टोप्या माकडं माणसाकडे खाऊ मागताना एक खास ‘कू’ आवाज काढतात आणि हात पुढे करतात. हे त्यांना आपणच शिकवलंय.

ग्रामपंचायतीने माकडं पकडून जंगलात सोडावीत असा ठराव होतोय. उपयोग होईल का?
– वाचक, ता. पाटण

बहुतेक वेळा त्रास फक्त गाव बदलतो. टोप्या माकडांत माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, नर वयात आल्यावर बाहेर पडतात. पिंजऱ्यात अर्धी टोळी सापडली तर उरलेल्या माद्या तिथेच राहतात, आणि जागा व खाणं मोकळं झाल्यामुळे पुन्हा वाढतात. सोडलेली माकडं ज्या रानात जातात तिथे आधीच दुसरी टोळी असते. ती यांना हुसकते, आणि गावाच्या खाण्याला सरावलेली टोळी जवळचं दुसरं गाव शोधते.

टोप्या माकड फक्त भारताच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात सापडतं. 2022च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय पकडता येत नाही. नसबंदी हिमाचलमध्ये 2006-07 पासून चालू आहे. ती तिथल्या ऱ्हीसस (उत्तरेकडच्या लाल तोंडाच्या) माकडांवर. माकड वीस-वीस वर्षं जगतं, त्यामुळे तिचा परिणाम दिसायला वर्षं लागतात, आणि नसबंदी झालेलं माकडही मका खातंच. ठरावात उघडा कचरा बंद करणं आणि देवळासमोरचं खाऊ घालणं थांबवणं आधी घाला.

वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या (टोळीचा मुख्य नर) आला आणि आठवड्यात पिलं दिसेनाशी झाली. हे खरंच तो करतो?
– वाचक, कोयना खोरे

होय, करतो. हे प्रथम नीट पाहिलं गेलं ते आपल्या जवळच, धारवाडला, 1962 मध्ये. युकिमारु सुगियामा या जपानी संशोधकासमोर बाहेरच्या नरांनी टोळी घेतली आणि पिलं मारली गेली. पुढे सारा हर्डी या अमेरिकी संशोधिकेने माउंट अबूला अभ्यास करून त्याचं कारण मांडलं. दूध पाजणारी मादी माजावर येत नाही. पिलू गेलं की लवकर येते. नराची टोळीवरची सत्ता साधारण दोन-तीन वर्षंच टिकते, त्याला थांबायला वेळ नसतो. ‘गर्दीमुळे बिघडलेलं वागणं’ असा आक्षेप तेव्हा बराच झाला. 1999 मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांचा डीएनए तपासला, तेव्हा मारणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते असं निघालं. त्यानंतर आक्षेपात फारसा दम राहिला नाही. माद्याही गप्प बसत नाहीत: एकत्र येऊन हुप्प्याला अडवतात, आणि गाभण असतानाही नव्या नराशी जुगतात, म्हणजे बाप कोण हे त्याला कळू नये. तरीही प्रत्येक गायब पिलाचा दोष हुप्प्यावर टाकू नका. बिबट्या, कुत्री आणि विजेच्या तारा पिलं नेतातच.

माकड चावलं तर रेबीजची लस लागते का? आणि मेलेलं माकड सापडलं तर?
– वाचक, तासगाव

लागते. ओरखडा असला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची भरू नका, टाके घालायची घाई नको. सरकारी दवाखान्यात लस कातडीत देतात, 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हवंच.

जंगलाकडेला माकडं मेलेली सापडली, विशेषतः एकापेक्षा जास्त, तर हात लावू नका. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज (माकडताप) 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला आणि आता सिंधुदुर्गातही आहे. तो गोचिडांतून येतो, आणि मेलेल्या माकडावरचे गोचीड नवं अंग शोधत उतरतात. वनविभागाच्या 1926 या टोल-फ्री नंबरवर कळवा. जखमी वानरासाठीही हाच नंबर. ते येईपर्यंत गर्दी हटवा आणि पाणी पाजायच्या फंदात पडू नका.