एक्झॉस्टला हवा द्या

नवीन एक्झॉस्ट पंखा लावूनही स्वयंपाकघर तापत असेल, तर पंखा बदलण्याआधी हवा आत कुठून येते ते बघा. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायलाच हवी. दार-खिडक्या बंद असतील तर तो नुसता घरघरतो. पण पंख्याशेजारचीच खिडकी उघडू नका, कारण तीच हवा आत येऊन लगेच बाहेर जाते आणि शेगडीवरची वाफ जागची हलत नाही. पंखा शेगडीजवळ, छताच्या लगत हवा. हवा समोरच्या बाजूने, शक्यतो सावलीतल्या खिडकीतून येऊ द्या.

मापाचा हिशोब सोपा आहे. १० बाय ८ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ८०० घनफूट. तासाला १५ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला २०० घनफूट खेचणारा पंखा लागतो.

चिमणी घेणार असाल तर पाइप बाहेर काढलेलीच घ्या, हे मी आग्रहाने सांगते. बिनपाइपची चिमणी तेलकटपणा आणि वास अडवते, पण उष्णता आणि वाफ खोलीतच सोडते.

आणि मुळात उष्णता कमी निर्माण करा. भांड्यावर झाकण ठेवा, उकळी आली की आच मंद करा. इंडक्शनवर भांडंच तापतं, त्यामुळे आजूबाजूची हवा गॅसपेक्षा खूपच कमी तापते. फ्रिजच्या मागे मोकळी जागा ठेवा, तोही उष्णता खोलीतच टाकतो.

दुपारी बाहेरची हवा जास्त गरम असते, तेव्हा स्वयंपाक संपल्यावर खिडकी बंद करून पडदा ओढा.