कन्व्हर्टर बदलण्याआधी तो कशाने गेला ते शोधा

प्रश्न : माझी पेट्रोलवरची गाडी २०१८ सालची असून ती ९२,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात चाळीसगावहून पुढे कन्नडच्या घाटात तिने दम सोडला; ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही ती ओढेना. चेक इंजिनचा दिवा दोन महिन्यांपासून लागलेलाच आहे, मध्यंतरी काही दिवस तो लुकलुकतही होता. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी ०४२० हा कोड आला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा डबा, नवा घ्यावा लागेल असे सांगण्यात आले. दुसरे एक मेकॅनिक म्हणतात की आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवू, गाडी मोकळी पळेल. काय करावे?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : जाळी फोडण्याचा सल्ला आपण मुळीच मानू नये, आणि नवा कन्व्हर्टरही लगेच विकत घेऊ नये. तो कशामुळे खराब झाला हे आधी कळले पाहिजे, नाहीतर नव्याचीही तीच गत होईल.

कन्व्हर्टरच्या डब्यात सिरॅमिकची एक वीट असते (मेकॅनिक जिला जाळी म्हणतात, तीच), तिला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, एका चौरस इंचात साधारण ४०० इतकी बारीक छिद्रे असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. वीट २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल यांचे कार्बन डायऑक्साइड व वाफेत, तर नायट्रोजन ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होऊ लागते. मात्र एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर त्यातले कच्चे पेट्रोल या विटेत येऊन जळते, तापमान १,००० अंशांच्या वर जाते, वीट वितळते आणि छिद्रे बुजतात. लुकलुकणारा दिवा बहुतेक गाड्यांत नेमकी हीच सूचना देतो. तेव्हा वेग कमी करून गाडी शक्य तितक्या लवकर थांबवायची असते.

माझ्या परिचयातल्या एका जळगावकरांनी कन्व्हर्टर बदलला आणि तीन महिन्यांत नवाही गेला. काढलेला भाग मी उजेडाकडे धरून पाहिला: कडेच्या छिद्रांतून प्रकाश येत होता, पण मधोमध काच वितळून थिजावी तसा काळपट गोळा झाला होता. दोष निघाला तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागात. एका कॉइलपायी त्यांचे दोन कन्व्हर्टर गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

पी ०४२० हा कोड कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो; तो तुंबला आहे असे सांगत नाही. आपल्या गाडीची ताकद गेली आहे, म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतील. कार्यक्षमतेसाठी स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचे आलेख पाहण्यास सांगावे. साध्या सेन्सरच्या गाडीत इंजिन तापल्यावर पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होतो, तर मागचा बऱ्यापैकी स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर वीट निकामी झाली असे समजावे. पण त्याआधी सायलेन्सरच्या जोडांतून गळती नाही ना, हे पाहावे, कारण फटीतून आत गेलेली हवा सेन्सरला फसवते. तुंबणे तपासण्यासाठी पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावतात आणि इंजिनचा वेग वाढवून मागे साचणारा दाब मोजतात. दाब ठीक निघाला, तर घाटातल्या अशक्तपणाचे कारण फ्युएल पंप, एअर फिल्टर किंवा क्लच यांत शोधावे.

पाठोपाठ प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत. गाडी इंजिन ऑइल खात असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर तेही आधी दुरुस्त करावे. ऑइलमधला फॉस्फरस धातूंच्या थरावर बसतो आणि वीट न वितळताही निकामी होते.

रिकाम्या डब्याने गाडी मोकळी वाटेलही, पण मागचा सेन्सर दिवा विझू देणार नाही आणि पुढे खरा दोष आला तरी आपल्याला कळणार नाही. शिवाय पीयूसीत ती नापास होण्याची शक्यता मोठी आहे, आणि प्रदूषणाची मानके मोडणाऱ्या वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचे राहू द्या. सिग्नलवर आपल्या मागे स्कूटरवर आईला बिलगून बसलेले मूल तोच धूर श्वासात घेत असते.

बदलायचाच झाला, तर आपल्या इंजिनासाठी आणि बीएस ४ या प्रदूषण मानकासाठीचाच भाग घ्यावा. स्वस्त भागांत धातूंचा थर कमी असतो आणि काही महिन्यांत तोच कोड परत येतो. काम इंजिन पूर्ण थंड असताना करावे, गंजलेल्या नटबोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारावे, गॅस्केट नवीच घालावी आणि जोडाला साधे सिलिकॉन सीलंट लावू देऊ नये, कारण त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो. जुना कन्व्हर्टर मात्र गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्यातल्या धातूंना भंगारातही चांगला भाव असतो आणि तो भाग आपला आहे.

प्रश्न : शेताच्या बांधावर गाडी उभी केली की खालून गवत करपल्याचा वास येतो. कन्व्हर्टर बिघडला असेल का?
– एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : तसेच असेल असे नाही. चांगल्या कन्व्हर्टरच्या आतही कित्येकशे अंश उष्णता असते आणि मे महिन्यात वाळलेल्या गवताला किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांना पेट घ्यायला तेवढी पुरते. त्याच्याभोवतीचा पातळ पत्रा, म्हणजे हीट शील्ड, जागेवर आहे का ते वाकून पाहावे. तो खडखडू लागला की पुष्कळ ठिकाणी काढून फेकतात. नसेल तर तो आधी बसवून घ्यावा. पत्रा असला तरी गाडी मोकळ्या मातीवरच उभी करावी आणि पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ इंजिन चालू ठेवून कधीही थांबू नये.