वाचकांचे प्रश्न : बागेतल्या कुत्र्याला नोंदणी, चिप लागते का?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, राखणीला दोन गावठी कुत्रे आहेत, माकडं आली की तेच पळवतात. भाचा न्यूझीलंडला मेंढ्यांच्या फार्मवर कामाला आहे, तो म्हणतो मामा तिकडे प्रत्येक कुत्र्याची नोंदणी लागते, ओळख पटवायला कातडीखाली नंबराची चिप पण बसवतात. आपल्याकडे असा नियम आहे का? उद्या दंडबिंड नको.

उत्तर : भाऊ, भाचा सांगतोय ते खरंय, पण पूर्ण नाही. तिकडे कुत्रा तीन महिन्यांचा झाला की स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावीच लागते आणि ती दरवर्षी रिन्यू करायची, फार्मवरचा असला तरी सुटका नाही. चिपचं मात्र वेगळं आहे. 1 जुलै 2006 पासून पहिल्यांदा नोंदवलेल्या कुत्र्यांना चिप सक्तीची झाली, तेव्हा मेंढ्या-गुरं हाकणारे कुत्रे त्यातून वगळले. नुसती राखण करणारा त्यात बसत नाही, म्हणजे तुमचे दोघं तिकडे असते तर त्यांना चिप लागलीच असती. इंग्लंडात 2016 पासून आठ आठवड्यांवरच्या कुत्र्याला चिप हवीच, मेंढरं हाकणाऱ्यालाही. तिथे कामावरच्या कुत्र्याला सूट आहे ती गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता लावायच्या नियमातून.

आपल्याकडे शेतावरच्या कुत्र्याला चिप लावाच असा देशभराचा कायदा नाही. 2017 च्या केंद्राच्या नियमांत चिप आहे, पण ते पैदास करून पिल्लं विकणाऱ्यांसाठी. लायसन्स मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत काढावं लागतं. तुमची बाग ग्रामपंचायतीत येते की नगरपंचायतीच्या हद्दीत ते बघा आणि तिथेच जाऊन विचारा, कुणाच्या ऐकीव माहितीवर राहू नका.

पण लस चुकवू नका, माझं खरं सांगणं हेच आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव जनावराची लस, जंताचं औषध, नसबंदी ही मालकाची जबाबदारी असं स्पष्ट लिहिलंय. आणि बागेतला कुत्रा घरातल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, रात्री कोल्ह्याशी झटापट होते, कोल्ह्याकडूनही रेबीज येतो, सकाळी मानेवर बारीकशी जखम असते आणि केसांत ती दिसत पण नाही. तीन महिन्यांच्या वयात पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तो बूस्टर, मग दरवर्षी एक.

प्रश्न : आमच्या बागेत सीझनला राखणदार ठेवतो, ते येताना कुठून तरी पिल्लं आणतात आणि जून लागला की आपल्या गावी जातात, कुत्रे इथेच. आता तीन झालेत. परवा एक शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अंगावर गेला, चावला नाही, पण वाडीतले म्हणतात कुत्रे तुमचे, तुम्ही बघा. मी तर पाळलेच नाहीत, मग जबाबदारी माझी कशी? (रत्नागिरी तालुका)

उत्तर : ताई, वाडीतल्यांचं म्हणणं मला पटतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 ताब्यातल्या जनावराबद्दल बोलतं. निष्काळजीपणामुळे त्याच्यापासून माणसाला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्रा तुमच्या बागेत राहतो, तुमच्या गड्याच्या हातचं खातो, तुमचे आंबे राखतो, मग पिल्लू कुणी आणलं हे सांगून फार काही साधणार नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी पावसाळ्यात काय होतं ते बघा ना, सीझनभर भात-मासळी मिळायची ती एकदम बंद, बाग रिकामी, कुत्रे उपाशी वाडीत उतरतात, कोंबड्या धरतात, पोरांच्या मागे लागतात. त्यांचा यात काय दोष. राखणदार जायच्या आधीच मे महिन्यात तिघांना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, रेबीजची लस आणि नसबंदीचं विचारा, आणि पावसात रोजचं खाणं कोण घालणार ते एका माणसावर नक्की करा, त्याला त्याचे पैसे द्या. लसीच्या कार्डावर मालक म्हणून तुमचंच नाव घाला. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं लेबल डॉक्टर कार्डावर चिकटवतात, ते चिकटवलंय का बघून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत कार्डाला बुरशी धरते आणि शाई पसरते, म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांना व्हॉट्सॲप करून ठेवा. उद्या कुणाला चावलाच तर पहिला प्रश्न लस दिलीय का हाच असतो.

कार्ड असलं तरी चावा झाल्यावर थांबायचं नाही हं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद, चुना, तिखट काही लावू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. कुत्र्याला मारू नका, बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण माणसाची इंजेक्शनं त्यासाठी अडवून धरू नका.

प्रश्न : चिप बसवली तर कुत्रा हरवल्यावर मोबाईलवर दिसेल का? बिबट्याची भीती आहे. (गुहागर)

उत्तर : नाही दिसणार. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात, तिच्यात बॅटरी नसते. रीडर, म्हणजे चिप वाचायचं यंत्र, जवळ धरला की फक्त पंधरा आकडी नंबर येतो. गुरांच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, त्यावर बारा आकडी नंबर असतो, तसंच हे, फक्त आत. तो नंबर कुठे नोंदवला नसेल तर मालकापर्यंत कुणी पोचणार नाही, त्यामुळे बसवलीत तर कुठल्या डेटाबेसमध्ये नाव-फोन टाकला ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला लावाच, तो वाचायला रीडर लागत नाही. नकाशावर दिसायला पट्ट्याचा जीपीएस वेगळा मिळतो, पण त्याला चार्जिंग आणि मोबाईलची रेंज लागते, तुमच्या बागेत रेंज येते का ते आधी बघा. बिबट्यासाठी मात्र यातलं काहीच कामाचं नाही, रात्री कुत्रा उघड्यावर साखळीने बांधू नका, दार लागेल अशा पक्क्या खोपीत ठेवा.