ट्यूमर सप्रेसर जनुक ‘बंद’ पडल्याने यकृताचा कर्करोग पसरतो का?
जळगावहून आपण विचारले आहे की, वडिलांच्या अहवालात ‘ई-कॅडहेरिनची अभिव्यक्ती कमी’ (म्हणजे ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींत कमी बनते) असे लिहिले आहे, त्याचा रोग पसरण्याशी संबंध आहे का. संबंध आहे. ई-कॅडहेरिनचे जनुक ट्यूमर सप्रेसर, म्हणजे कर्करोगाला आवर घालणारे, आहे. हे प्रथिन यकृताच्या पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवते. पुष्कळदा त्याचे जनुक शाबूत असते, पण त्याच्या आरंभीच्या भागावर मेथिल गट हे छोटे रासायनिक तुकडे चिकटल्यामुळे ते वाचलेच जात नाही, आणि मग सुट्या झालेल्या पेशी पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेत) शिरून यकृतात इतरत्र पसरू शकतात, किंवा रक्तावाटे फुप्फुसांपर्यंतही पोहोचू शकतात. पी५३ या दुसऱ्या ट्यूमर सप्रेसर जनुकाचे तसे नाही, तेथे बहुधा जनुकातच बिघाड होतो. शेंगदाण्यावरील व मक्यावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष त्याच्या २४९व्या संकेतात (जनुकातील तीन अक्षरांच्या गटात) ठरावीक बदल घडवते, असे १९९१ साली दिसून आले. आपल्या खानदेशात दाण्याचा कूट घरोघरी असतो, म्हणून मुद्दाम सांगतो: पोत्याच्या तळाशी ओल लागून हिरवट पडलेले दाणे फेकूनच द्यावेत, कारण भाजल्याने ते विष पूर्णपणे जात नाही. मात्र वडिलांच्या रोगाचा टप्पा या एका ओळीवरून ठरत नाही. गाठींची संख्या, त्यांचा आकार आणि पोर्टल व्हेनची स्थिती सीटी स्कॅनमध्ये कशी दिसते, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.