बहीण आणि मी एकच प्रसंग वेगळा सांगतो, दोघांनाही पक्की खात्री. मग खोटं कोण बोलतंय?

तुम्ही लिहिलंय, आजोबा गेल्याचा निरोप पहाटे आला तेव्हा दार आपणच उघडलं असं तुम्हाला आठवतं. बहीण म्हणते, तिनं उघडलं. बहुतेक खोटं कुणीच बोलत नाहीये. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं, आणि तुम्हा दोघांपैकी निदान एकाला ते आता माहीत नाही.

मी सोलापुरात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. 'स्मृती' हा धडा आला की पुस्तक बाजूला ठेवून स्वतःचीच फजिती सांगते. लहानपणी, जानेवारीत भरणाऱ्या इथल्या गड्ड्याच्या जत्रेत मी हरवले होते. होम मैदानावरची गर्दी, मौत का कुआँचा कानठळ्या बसवणारा आवाज, पोलिसांच्या राहुटीतला बाक, हातात कुणीतरी दिलेली गरम भजी, भोंग्यावरून पुकारलेलं नाव, सगळं डोळ्यांसमोर आहे. थोरला भाऊ मात्र दरवेळी म्हणायचा, "तू कुठं होतीस की तिथं! मी हरवलो होतो." यावर आम्ही चाळिशीपर्यंत भांडलो. मग आईच्या ट्रंकेत मावशीचं आंतर्देशीय पत्र सापडलं. पोस्टाचा शिक्का त्याच जानेवारीतला, आणि आत विचारपूस: मोठा जत्रेत हरवला होता म्हणे, सापडला ना नीट? आणि धाकटीच्या कांजिण्या उतरल्या का? म्हणजे गड्डा भरला होता तेव्हा मी कडुलिंबाच्या पाल्यावर झोपून होते.

मग ती भजी कुठून आली? भावानं तो किस्सा इतक्यांदा सांगितला की ऐकता ऐकता मी त्याचं चित्र मनात रंगवलं. पुढच्या वर्षांच्या खऱ्या जत्रांतले आवाज-वास त्याला चिकटले. चित्र राहिलं, पण ते ऐकीव आहे ही चिठ्ठी गळून पडली. कुठलीही आठवण 'पाहिलेली, ऐकलेली की कल्पिलेली' असा शिक्का मारून येत नाही. तो निवाडा मन आठवताना करतं, आणि चित्र जितकं ठसठशीत तितकं 'पाहिलेलंच' म्हणून मोकळं होतं.

गंमत म्हणजे अमेरिकेत स्मृतीवर संशोधन करणाऱ्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी 1995 मध्ये जवळजवळ हाच प्रसंग मुद्दाम घडवला. 24 जणांना त्यांच्या बालपणीचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन घरच्यांकडून मिळवलेले, खरे. चौथा, पाचेक वर्षांचे असताना मॉलमध्ये हरवल्याचा, रचलेला. साधारण चौघांतल्या एकाला तो पूर्ण किंवा थोडाफार 'आठवला'. या प्रयोगावर टीकाही पुष्कळ झाली, आणि मॉलमध्ये हरवणं ही घडण्यासारखी गोष्ट असल्यामुळेच ते जमलं हे खरं. पण दार उघडणं तर त्याहून साधी गोष्ट आहे.

याची मुळं जुनी आहेत. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी केंब्रिजमध्ये लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला देऊन पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दरवेळी कथा लहान आणि इंग्रजांच्या ओळखीची होत गेली. सीलच्या शिकारीची साधी मासेमारी झाली. 1932 मध्ये त्यांनी हे मांडलं: आठवणं म्हणजे कपाटातून वस्तू काढणं नव्हे, उरल्यासुरल्या तुकड्यांतून गोष्ट पुन्हा रचणं.

"पण मला इतकं स्पष्ट आठवतंय!" हे तुमचं वाक्य मी पुरावा म्हणून धरणार नाही. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान कोसळलं. उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या संशोधकांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठं, कुणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच विचारलं. पाव लोकांची उत्तरं मूळ नोंदीशी अजिबात जुळली नाहीत, आणि तरी खात्री दांडगी. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवूनही जुनी आठवण परतली नाही.

तेव्हा एक करा. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलू नका, वेगवेगळं लिहून काढा. दाराबाहेर कोण होतं, दिवा लागलेला होता का, तुम्ही कुठं झोपला होतात. तिसऱ्या कुणालातरी लिहायला सांगा, पण "दार यानंच उघडलं ना?" असं विचारू नका, असा प्रश्नच आठवणीत घुसतो. दोघांचं जुळलं तरी फार हुरळू नका. इतकी वर्षं भांडताना तुम्ही एकमेकांचे तपशील उचललेले असणारच. आमचा वाद मिटला तो मावशीच्या पत्रामुळे, कारण ते त्याच आठवड्यात लिहिलं होतं आणि त्यानंतर त्यात कुणी काही घातलं नव्हतं. तसलं काही घरात आहे का बघा.

माझ्यापुरतं सांगायचं तर पत्र वाचून बरीच वर्षं झाली. गड्ड्यात भज्यांचा वास आला की बाक अजून दिसतो, आणि त्यावर बसलेली मीच असते.