लातूरला राहतो. गिब्सन कंपनीची १९५९ ची लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार या जन्मात परवडणार नाही; स्वस्तातली तशीच गिटार घ्यावी का?

बिनधास्त घ्या, पण एपिफोनची. ही कंपनी १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीची, त्यामुळं आकार अधिकृत, महोगनीचं अंग, दोन हंबकर (तारांचा आवाज टिपणारे दुहेरी कॉइलचे पिकअप). वरचं नक्षीदार मेपल बहुधा पातळ पापुद्रा असतो. दिसायला मात्र झकास! माथ्यावर ‘गिब्सन’ छापलेल्या स्वस्त नकलेच्या वाटेला जाऊ नका, पुढं विकताना अडकाल. वाचलेले पैसे अ‍ॅम्प्लिफायरवर घाला, निम्मा आवाज तिथंच असतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांनी लाकूड आकसतं, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोटांना टोचतात. तेव्हा गिटार भिंतीवर टांगू नका, पेटीत ओलावा देणारी पुडी टाकून ठेवा. मानेचा बाक नीट करायचा तर तिच्या आतला ट्रस रॉड (धातूची सळई) एका वेळी पाव फेराच फिरवायचा.