वाचकांचे प्रश्न : संगणक बंद झाल्यावर पंखा फिरत ठेवावा का?

प्रश्न : अकोल्यात माझा लग्नसमारंभांचे व्हिडिओ एडिट करण्याचा छोटा व्यवसाय आहे. लगीनसराईत संगणक रात्री उशिरापर्यंत रेंडरिंग करत असतो आणि शटडाऊन केल्यावर कॅबिनेटच्या मागच्या जाळीला हात लावला, तर ती चांगलीच गरम लागते. प्रोजेक्टर बंद केला तरी त्याचा पंखा काही वेळ फिरत राहतो; मग संगणकाचा पंखा लगेच का थांबतो? त्यामुळे आतील भाग खराब होतात का? पंख्याच्या तारांना 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) जोडला की पंखा आणखी काही मिनिटे फिरेल, असे एका मित्राचे म्हणणे आहे. तो जोडावा का?

उत्तर : मित्राच्या कपॅसिटरचा हिशोब आधी उरकून घेऊ, कारण तो एका ओळीचा आहे. आपल्या पंख्यावरील लेबल वाचल्यास त्यावर साधारणपणे 12 व्होल्ट आणि 0.2 अँपिअरच्या आसपासचा आकडा दिसेल. एवढा प्रवाह घेणारा पंखा 12 व्होल्टचे 6 व्होल्ट होईपर्यंत 1000 मायक्रोफॅरडवर चालवला, तर तो सेकंदाचा तीन शतांश भाग चालेल, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याच्याही आत साठा संपेल. पाच मिनिटांसाठी सुमारे 10 फॅरड लागतील, म्हणजे मित्राने सुचवलेल्या कपॅसिटरच्या दहा हजार पट! तेवढा मोठा कपॅसिटर बसवलाच, तर संगणक सुरू करताना तो रिकामा असल्यामुळे एकदम इतका प्रवाह ओढेल की एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, शॉर्टसर्किट समजून बंद पडण्याचीच शक्यता अधिक.

आता मुख्य प्रश्न. प्रोजेक्टरच्या दिव्याची नळी शेकडो अंशांपर्यंत तापलेली असते आणि वीज गेल्यावरही ती उष्णता बंदिस्त जागेत साठून राहते; तिने दिव्याचे आयुष्य कमी होऊ नये आणि शेजारचे प्लास्टिकचे व काचेचे भाग तापू नयेत, यासाठी तो पंखा फिरत राहतो. काही मोटारगाड्यांचा रेडिएटरचा पंखाही किल्ली काढल्यावर फिरतो, त्यामागे हाच विचार असतो, कारण इंजिनाचा मोठा धातूचा ठोकळा आतील पाण्याला तापवतच राहतो. संगणकात गोष्ट उलटी आहे. तेथे सर्वांत गरम जागा म्हणजे प्रोसेसरची चिप, आणि उष्णता निर्माण करणारी जागाही तीच. वीज तुटताक्षणी ती निर्मिती शून्यावर येते आणि चिपमधील उष्णता तिच्याहून थंड असलेल्या हीटसिंककडे, म्हणजे चिपवर बसवलेल्या उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे, वाहून जाते. हे आपण स्वतः पाहू शकता. तापमान दाखवणारा एखादा प्रोग्रॅम उघडा ठेवून रेंडर संपण्याची वाट पाहावी. काम थांबताच प्रोसेसरचा आकडा काही सेकंदांतच वीसतीस अंशांनी खाली घसरतो, पंख्याचा वेग बदलण्याच्याही आधी.

मग जाळी गरम का लागते? कारण उष्णता बाहेर पडत असते, आणि ती पडायलाच हवी. हीटसिंकमध्ये अर्धा किलो ॲल्युमिनियम आहे आणि ते खोलीपेक्षा 20 अंशांनी अधिक गरम आहे असे धरले, तर त्यात सुमारे 9000 ज्यूल उष्णता साठलेली असते. 65 वॅटचा प्रोसेसर एवढी उष्णता सव्वादोन-अडीच मिनिटांत निर्माण करतो. पंखा थांबल्यावर हा साठा कॅबिनेटमध्ये पसरतो, शेजारच्या हार्ड डिस्कचे किंवा मदरबोर्डचे तापमान थोडे वर जाऊ शकते आणि नंतर सगळेच सावकाश थंड होते. यात कोणताही भाग काम करताना जितका तापत होता त्यापेक्षा फारसा अधिक तापत नाही. कॅबिनेट लाकडी कपाटात दार लावून ठेवले असेल, तर मात्र दार उघडे ठेवावे; तेथे पंख्याने फारसा फरक पडणार नाही.

तरीही मनाचे समाधान होत नसेल, तर वायरिंगला हात न लावता करता येणारा उपाय आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत शहाणपणाचा. पंखा बंद झाल्यानंतर चालवण्यापेक्षा संगणकच पाच मिनिटे उशिरा बंद करावा. विंडोजमध्ये शटडाऊनच्या आज्ञेला सेकंदांचा आकडा जोडता येतो. तेथे 300 लिहून त्या आज्ञेचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला, तर काम जतन करून त्यावर डबल क्लिक करावे आणि उठून जावे. त्या पाच मिनिटांत संगणकाला काहीच काम नसते, सगळे पंखे आपापल्या जागी, आपापल्या पुरवठ्यावर फिरत असतात आणि हीटसिंक थंड झाल्यावर संगणक आपोआप बंद होतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. पंखा थेट जोडण्यासाठी एसएमपीएसचा डबा उघडू नये. आपल्याकडील 230 व्होल्टचा पुरवठा आत गेल्यावर त्याचे 325 व्होल्ट डीसी होतात, काही प्रकारांत 380 ते 400, आणि प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ राहू शकतात. जाळी गरम लागते म्हणून डबा उघडणे हे आगीतून फुफाट्यात जाण्यासारखे आहे.

प्रश्न : मी नाशिक येथे इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. काही तयार एसएमपीएसमध्ये संगणक बंद झाल्यावर पंखे फिरते ठेवण्याची सोय असते, असे वाचले. मला तशी सोय छोटा प्रकल्प म्हणून स्वतः करायची आहे. जांभळ्या तारेतून वीज घेतली तर चालेल का? 40 अंशांच्या वर तापला की आपोआप जोडणी करणारा थर्मल स्विचही माझ्याकडे आहे.

उत्तर : चालेल, मात्र प्रोसेसरच्या पंख्याला हात लावू नये. त्याची जोडणी मदरबोर्डवरून काढली, तर संगणक सुरू होताना पंखा सापडत नसल्याचा इशारा देतो आणि काही वेळा तेथेच अडून बसतो. प्रयोगासाठी कॅबिनेटच्या मागचा, हवा बाहेर टाकणारा तीन तारांचा पंखा घ्यावा.

जांभळी तार म्हणजे 24 पिनांच्या जोडणीतील नववी पिन. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत तिच्यावर 5 व्होल्ट असतात. प्रवाह साधारण 2 ते 3 अँपिअर मिळतो, पण त्यातूनच मोबाइल चार्ज करणारे यूएसबी पोर्ट वगैरेही भागवलेले असतात; म्हणून एकच पंखा पुरे.

पंख्याच्या धन तारेला दोन शॉट्की डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लावावेत, उदाहरणार्थ 1एन5819. एकातून एसएमपीएसच्या पिवळ्या तारेचे 12 व्होल्ट येतील, दुसऱ्यातून जांभळीचे 5. संगणक चालू असताना 12 व्होल्ट वरचढ ठरतात आणि दुसरा डायोड आपोआप अडवला जातो; बंद होताच पंख्याला साडेचार व्होल्टच्या आसपास मिळू लागतात. थांबलेला पंखा इतक्या कमी व्होल्टवर उचल खाईलच असे नाही, पण येथे तो आधीच गतीत असतो, त्यामुळे बहुतेक पंखे संथपणे फिरत राहतात. डायोडची दिशा मात्र मीटरने दोनदा तपासावी. जांभळ्या बाजूचा डायोड उलटा लागला, तर 12 व्होल्ट थेट 5 व्होल्टच्या तारेत शिरतील आणि मदरबोर्ड जाईल. त्या तारेत एक छोटा फ्यूज असावाच, आणि जोडणीचे टोक उघडे न ठेवता त्यावर श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी) चढवावी.

थर्मल स्विच जांभळ्या बाजूला, डायोडच्या आधी, एकसर जोडून हीटसिंकजवळ बसवल्यास पंखा गार झाल्यावर थांबेल. नाशिकला हे बरेचसे जमेल. वर पत्र लिहिणाऱ्या अकोल्याच्या वाचकांकडे मे महिन्यात खोलीच 40 अंशांच्या वर असली, तर तो स्विच पंखा थांबवायचाच नाही. स्विच न बसवता तसेच ठेवले, तर पंखा भिंतीवरचे बटण बंद करेपर्यंत फिरेल. आपल्यापैकी अनेक घरांत रात्री जेवण उरकल्यावर स्पाइक गार्डचे बटण बंद करण्याची सवय असतेच. शटडाऊन केल्याकेल्या बटण दाबणाऱ्यांच्या घरी मात्र जांभळ्या तारेवर काहीच उरत नाही. तेथे पंखा चालवायचा असेल, तर वेगळ्या सॉकेटवर 12 व्होल्टचा अडॅप्टर आणि टायमर लागेल, आणि त्या पंख्याचा संगणकाशी कोणताही विद्युत संबंध ठेवू नये.